मनाचे वैद्य आणि त्यांचे गुरू

ज्याच्या घरी शेती आहे त्याला बियाण्याचे मोल सांगावे लागत नाही. सुगीला घरात आलेले सगळेच धान्य खायचे नसते. त्यातले निवडक दाणे राख लावून वेगळ्या कणगीत ठेवायचे असतात. वर्ष कितीही ओढगस्तीचे गेले तरी शहाणा शेतकरी त्या कणगीला हात लावीत नाही. ती फोडली तर चार दिवस पोटाची सोय होईल, पण पुढच्या मृगाला पेरायचे काय?

वैद्यकविद्येतही असेच आहे. रोगी तपासणारा डॉक्टर म्हणजे खाण्याचे धान्य. तो हवाच, त्याच्यावाचून आजचा दिवस निभत नाही. पण नवे डॉक्टर घडविणारा डॉक्टर म्हणजे बियाणे. आपल्या देशात मनाच्या आजारांवरच्या वैद्यकविद्येत ही बियाण्याची कणगी फार काळ रिकामीच होती. ती कशी भरू लागली, कोणी भरली, आणि अजून ती किती रिती आहे, हे आज तुमच्यापुढे मांडायचे आहे.

पूर्वी वेड्यांच्या इस्पितळाला आपले लोक ‘पागलखाना’ म्हणत. त्यात फारसे चूक नव्हते, कारण ते खानेच होते. इंग्रजी अमलात १८५८ साली वेड्यांसंबंधीचे कायदे झाले, पुढे १९१२ साली नवा कायदा आला. या साऱ्या कायद्यांचा भर रोगी बरा करण्यावर नव्हता. त्याला कोणाच्या हुकमाने आत घ्यावे, कोणाच्या हुकमाने बाहेर सोडावे, यावर होता. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बऱ्याच ठिकाणी या इस्पितळांवर देखरेख तुरुंगखात्याची असे. तेव्हा तिथे नेमलेला डॉक्टर हा वैद्य कमी आणि किल्लेदार जास्त. जिथे शिकण्यासारखे काही चालतच नाही, तिथे शिकायला तरी कोण येणार?

तरी एकदोन ठिकाणी दिवा लागला होता. रांचीच्या युरोपियन इस्पितळात १९१९ पासून ओवेन बर्कली-हिल नावाचे अधीक्षक होते. त्यांनी रोग्यांना कामधंद्यात गुंतवून बरे करण्याचे प्रयोग केले. १९२२ साली लंडन विद्यापीठाच्या मानसोपचार पदविकेसाठी या इस्पितळातले शिक्षण मान्य झाले. पण ते इस्पितळ नावाप्रमाणेच गोऱ्यांसाठी होते.

दुसरा दिवा कलकत्त्यात लागला, आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ साली तिथल्या कार्मायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे पुढे आर. जी. कर म्हणून प्रसिद्ध झालेल्या कॉलेजात, मनाच्या रोग्यांसाठी बाह्यरुग्ण विभाग उघडला. पाठोपाठ १९३८ साली मुंबईच्या जे. जे. इस्पितळात डॉ. के. के. मसानी यांनी तसाच विभाग सुरू केला. यात मोठेसे काय, असे तुम्ही विचाराल. मोठे हे, की मनाचा रोगी आता ताप-खोकल्याच्या रोग्याशेजारच्या बाकावर येऊन बसला. आणि तिथेच डॉक्टरकीचे विद्यार्थीही होते. आजवर ज्या रोग्याला उंच भिंतीआड ठेवले होते, तो विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर आला.

याच सुमारास, १९३७-३८ साली, लंडनच्या मॉड्सली इस्पितळाचे एडवर्ड मॅपोथर हिंदुस्थानात येऊन गेले. इथली इस्पितळे पाहून त्यांनी कडक शब्दांत अहवाल लिहिला. खोल्यांत दाटीवाटी, आणि शिकलेल्या माणसांचा दुष्काळ! पुढे १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. त्यातला हिशेब ऐकण्यासारखा आहे. इंग्लंडात सुमारे ३०० माणसांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट होती. आपल्याकडे सुमारे ४०,००० माणसांमागे एक. म्हणजे तालुक्याच्या तालुक्याला दोनचार खाटा. समितीने नुसत्या खाटा मागितल्या नाहीत. हे शास्त्र शिकविणारी संस्था लवकर उभारा, असेही सांगितले. खाट सुताराकडून करून घेता येते. खाटेशेजारी उभा राहणारा डॉक्टर मात्र वर्षानुवर्षे घडवावा लागतो.

ती संस्था २७ डिसेंबर १९५४ रोजी बंगलोरला निघाली. नाव ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ. म्हैसूर सरकारच्या जुन्या मानसिक इस्पितळाच्या आधाराने ती उभी राहिली आणि डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक झाले. १९५५ पासून तिथे मानसोपचाराची पदविका सुरू झाली. आता परीक्षेसाठी विलायतेला जाण्याचे कारण उरले नाही. १९७४ साली ही संस्था आणि ते इस्पितळ एकत्र होऊन आजचे ‘निम्हान्स’ झाले. देशभरच्या कॉलेजांतून हा विषय शिकविणारे कितीतरी प्राध्यापक या एका आवारातून बाहेर पडले. बियाण्याची पहिली मोठी कणगी ती हीच.

आता हे शिकविणे असते तरी कसे, ते पाहू. हाड मोडले तर क्ष-किरणांचे चित्र काढून विद्यार्थ्याला दाखविता येते. मनाचे चित्र कुठले काढणार? इथे विद्यार्थी रोग्यासमोर बसतो, त्याचे ऐकतो, त्याच्या आईला, बायकोला, भावाला विचारतो, सगळी हकीकत लिहून काढतो आणि गुरूपुढे मांडतो. मग गुरू विचारतो, “रोगी बोलता बोलता थांबला, तेव्हा तू काय केलेस?” विद्यार्थी म्हणतो, “पुढचा प्रश्न विचारला.” गुरू म्हणतो, “तिथेच चुकलास. थांबायला हवे होतेस.” हे कुठल्या पुस्तकात मिळणार?

शिवाय भाषेचा प्रश्न आहे. पुस्तके इंग्रजी, रोगी मराठी. आपल्या घरातली बाई डॉक्टरला ‘मला नैराश्य आले आहे’ असे कधी म्हणत नाही. ती म्हणते, जीव घाबरा होतो, डोक्याला मुंग्या येतात, कशातच मन लागत नाही. या बोलण्यामागचा आजार ओळखायला जो शिकवितो, तोच खरा शिक्षक. चंदीगडचे डॉ. नरेंद्रनाथ विग यांचे उदाहरण घ्या. आपल्याकडचे तरुण ‘धात जाते’ म्हणून खंगत येतात, ही तक्रार पाश्चात्त्य पुस्तकांत नीटशी बसत नव्हती. विग यांनी ती हसण्यावारी नेली नाही. १९६० साली तिला शास्त्रात ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. त्यांचे समकालीन डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली असे मांडले, की आपल्या देशात डॉक्टर आणि मनोरुग्ण यांचे नाते गुरु-चेल्याच्या नात्याच्या अंगाने समजून घ्यावे.

आपल्या मुंबईतही हे घडत होते. केईएम इस्पितळात डॉ. एन. एस. वहिया यांनी १९६० नंतरच्या दशकात पातंजल योगातल्या विचारांवर आधारलेली उपचारपद्धती रोग्यांवर वापरून तिचे परिणाम पद्धतशीर तपासले. योग आपला आहे म्हणून चांगला, असे म्हणून ते थांबले नाहीत. ज्यांना हा उपचार दिला आणि ज्यांना दिला नाही, त्यांची तुलना केली. या विभागात शिकलेले एक विद्यार्थी म्हणजे डॉ. दिलीप जेस्ते. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून ते केईएममध्ये आले, पुढे अमेरिकेत गेले, म्हाताऱ्या माणसांच्या मनोविकारांचे मोठे संशोधक झाले. २०१२-१३ साली ते अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष होते.

परंतु श्रोतेहो, या गुरूंनी केलेले सर्वांत मोठे काम वेगळेच आहे. आपले विद्यार्थी म्हणजे फक्त डॉक्टर, ही समजूत त्यांनी मोडली.

सुरुवात अमृतसरला झाली. तिथले इस्पितळ आधीच भरलेले. फाळणीनंतर १९५० साली लाहोरच्या इस्पितळातले हिंदू आणि शीख रोगीही तिथे आणले गेले. अशा ठिकाणी डॉ. विद्यासागर यांनी रोग्यांच्या नातेवाइकांसाठी आवारात तंबू ठोकले. आई-बाप, बायको-भाऊ रोग्याजवळ राहू लागले. डॉक्टर त्यांना रोज आजार समजावून सांगत. हा भूतबाधेचा प्रकार नाही, कुळाचे पाप नाही, औषध कसे द्यायचे, घरी गेल्यावर कसे वागायचे, असे धडे चालत. नातेवाईक गावी परतले की ते स्वतःच चालतेबोलते पुस्तक होत. १९५७ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजानेही कुटुंबासह राहण्याचा वॉर्ड काढला.

मग १९७५ साली दोन ठिकाणी एकदमच पुढचे पाऊल पडले. चंदीगडजवळच्या रायपूर राणी भागात विग यांच्या पथकाने, आणि बंगलोरजवळच्या सकलवाड्यात डॉ. आर. एल. कपूर यांच्या पथकाने, खेड्यातल्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि आरोग्यसेवक यांना शिकवायला घेतले. प्राध्यापक मंडळी शहरातला वर्ग सोडून गावात आली. फीट येणारा, अंगावरचे भान सुटलेला, महिनोन्महिने कोपऱ्यात बसून राहिलेला माणूस कसा ओळखावा आणि कोणती थोडी औषधे द्यावीत, एवढाच आटोपशीर अभ्यासक्रम. बंगलोरच्या मंडळींनी शाळामास्तरांसाठीही वर्ग घेतले. या अनुभवावर १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम ठरला, १९८५ पासून कर्नाटकातल्या बेळ्ळारी जिल्ह्यात तो अख्ख्या जिल्ह्यापुरता करून पाहिला, आणि १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम म्हणून तो देशात पसरू लागला.

हे सारे ऐकून वाटेल, की मग आता काळजी कसली? काळजी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी गावात पहाटे आग लागली. दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानात मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. त्यांना पळता आले नाही. २८ माणसे जळून मेली. ज्यांनी त्यांना तिथे आणून सोडले ते आप्त काही निर्दय नव्हते. औषधाने बरे होणारा हा आजार आहे, हे त्यांना सांगणारे जवळपास कोणी नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडाला बंदी घातली आहे. पण कायद्याने साखळी सुटते. आजार सुटायला डॉक्टरच लागतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळले, की शंभर प्रौढांत दहाअकरा जणांना कोणता ना कोणता मनोविकार आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत.

डॉक्टर कमी का? इथे पुन्हा कणगीपाशी यावे लागते. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, मग एमडीची तीन. एमडीच्या जागा मात्र वाटेल तितक्या वाढविता येत नाहीत. कॉलेजात मान्यताप्राप्त शिक्षक किती आहेत, यावर विद्यार्थी किती घ्यायचे ते ठरते. शिक्षक नाही म्हणून जागा नाही, जागा नाही म्हणून डॉक्टर नाही, आणि डॉक्टर नाही म्हणून पुन्हा शिक्षक नाही. त्यातून नव्या एमडी डॉक्टरला खाजगी दवाखान्यात पैसा अधिक मिळतो. कॉलेजात सकाळी वॉर्ड, मग बाह्यरुग्ण, दुपारी वर्ग, संध्याकाळी विद्यार्थ्यांचे प्रबंध, आणि वर बदलीची टांगती तलवार. साऱ्या वैद्यकीय अभ्यासक्रमात या विषयाला बराच काळ जेमतेम काही व्याख्याने मिळत, त्यामुळे हुशार मुलांची नजरही इकडे वळत नसे. अशा स्थितीत जो शिकवायला थांबतो, तो स्वतःपुरता तोटाच सोसत असतो. पण गणित करून पाहा. एक डॉक्टर जन्मभर राबून काही हजार रोगी बरे करील. त्याने वर्षाला दोनच विद्यार्थी तयार केले तरी तीस वर्षांत साठ डॉक्टर होतात, आणि त्या साठांतले पाच जरी पुढे शिकवू लागले तरी शेत पडीक राहत नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे तुम्हाला मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. तुमच्या वर्गातली एखादी मुलगी डॉक्टर व्हायचे म्हणते, तेव्हा आपण तिच्यापुढे हृदयाचा किंवा डोळ्यांचा डॉक्टर उभा करतो. मनाच्या डॉक्टरचे नाव काढीत नाही. यापुढे तेही काढा, आणि हा विषय शिकविणे हीसुद्धा एक मोठी नोकरी आहे, हेही सांगा. जी मुलगी दुसऱ्याचे ऐकून घेते, चेष्टेत सामील होत नाही, मागच्या बाकावरच्या गप्प मुलाशेजारी आपणहून जाऊन बसते, तिच्या अंगी या विद्येचा पहिला गुण आधीच आहे.

आणि गावकरी मित्रांनो, तुमच्या आळीत कोणी कोंडून ठेवलेला असेल, कोणी दिवसचे दिवस जेवत-बोलत नसेल, तर आधी जिल्हा रुग्णालयाचा रस्ता धरा. तिथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा. घरून विचारायचे असेल तर १४४१६ हा सरकारी ‘टेलिमानस’ फोन २०२२ पासून चालू आहे. विद्यासागरांच्या तंबूत बसलेली माणसे तुमच्या-आमच्यासारखीच शेतकरी-कष्टकरी होती. ती शिकली आणि आपल्या माणसाला सोबत घेऊन घरी गेली.