लेथ किती फुटी?

मागच्या भागात यंत्रांच्या मापांबद्दल बोललो, त्यात एक गोष्ट राहून गेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ घ्यायला गेलात, की पहिला प्रश्न येतो, ‘किती फुटी पाहिजे?’ साडेचार फुटी, सहा फुटी. म्हणजे बेडची लांबी. इंग्रज मात्र बेडपासून सेंटरची उंची सांगतो. 1946 साली आलेला मायफर्डचा एमएल-7 हा त्यांच्या हिशेबात साडेतीन इंची. अमेरिकन माणूस त्याची दुप्पट करतो, कारण तो फिरणाऱ्या जॉबचा व्यास मोजतो आणि त्याला ‘स्विंग’ म्हणतो. म्हणजे तोच मायफर्ड अमेरिकेत सात इंची!

आता शुगर लँडला या. साखर कारखाना 2003 मध्ये बंद झाला. आज ह्यूस्टनच्या या उपनगरात मराठी इंजिनिअर बरेच. माझ्या ओळखीच्या एकाला टेक्ससमध्ये शिकारीच्या बंदुकांचा छंद लागला. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणंही गुन्हा, त्यामुळे हरिहरच्या किर्लोस्कर लेथवर हात बसलेल्या या माणसाने बंदुकीची नळी कधी चकमध्ये धरलीच नव्हती. जुना साउथ बेंड दिसला, नऊ इंची, बेड लांब. घेतला.

फसला. नळीच्या मागच्या टोकाचं काम करायचं तर सोयीचा रस्ता असा, की उरलेली नळी हेडस्टॉकच्या पोकळ स्पिंडलमधून आरपार घालायची. कोरी नळी जाड टोकाला साधारण 1.2 इंच. नऊ इंची साउथ बेंडच्या स्पिंडलचं भोक पाऊण इंच! त्याच कंपनीच्या ‘हेवी टेन’चं मात्र 1.375 इंच. नावात फरक एका इंचाचा, पण एकात नळी जाते, दुसऱ्यात अडते. स्टेडी रेस्ट लावून बाहेर धरता येते म्हणा, पण मग लांब बेड लागतो आणि नळी सरळ लावण्यात अख्खी दुपार जाते. हेडस्टॉक फार लांब असेल तर आखूड नळी पलीकडे पोहोचतच नाही, हेही बघावं लागतं.

मग फुटी, उंची, स्विंग यांपैकी एकाही नावात हे भोक का नाही? माझ्या मते कारण गिऱ्हाइकात आहे. ही मापं जॉब-वर्कच्या गाळ्यांत रुळली, आणि तिथे विचारतात की केवढा शाफ्ट, केवढी पुली बसेल. बंदूकवाला हा या यंत्राचा जुना नातेवाईक खरा. थॉमस ब्लँचर्डने 1819 च्या सुमाराला स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत लेथ चालवला, तो बंदुकीच्या लाकडी दस्त्यांसाठीच. पण दस्ता स्पिंडलमधून घालत नाहीत.

हेवी टेन हजार पौंडांच्या घरातला. गॅरेजची फरशी, वीज, आणि ह्यूस्टनच्या दमट हवेत दर आठवड्याला बेडवर तेलाचा हात, हे सगळं त्याच्याबरोबर येतं. आमच्या गृहस्थांनी शेवटी नऊ इंची ठेवला, स्क्रू आणि पिना करायला. मिलिंग मशीन घ्यायला निघाले तेव्हा मात्र खिशात मोजपट्टी होती, आणि विकणाऱ्याला त्यांनी मशीनचं नाव विचारलंच नाही.