कोंकियान ते जिन रमी : दोन खेळाडूंच्या पत्त्यांच्या खेळातील कौशल्याचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

पत्त्यांचा खेळ हा विषय इतिहासलेखनाच्या कक्षेत क्वचितच येतो. महाराष्ट्रात तर 'पत्ते कुटणे' हा वाक्प्रचारच रिकामटेकडेपणाचा निदर्शक आहे. परंतु खेळाचे नियम हीदेखील मानवनिर्मित रचना असते. ती बदलते, प्रवास करते आणि प्रसंगी न्यायालयाच्या विचारार्थही येते. रमी हे याचे ठळक उदाहरण होय. रमी हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा प्रश्न भारतात गेली अनेक दशके चर्चिला जात आहे. या चर्चेत खेळाच्या प्रत्यक्ष रचनेकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात दोन खेळाडूंच्या रमीची कोंकियान व जिन रमी ही दोन ऐतिहासिक रूपे तपासली असून, कौशल्याचा प्रश्न मुख्यतः 'टाकलेल्या पाना'भोवती कसा फिरतो, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उगमाचा प्रश्न :

एक पान उचलणे, एक पान टाकणे आणि हातातील पानांच्या जुळण्या करणे हे रमी गटातील सर्व खेळांचे समान सूत्र आहे. चीनमधील पत्त्यांच्या व सोंगट्यांच्या काही जुन्या खेळांतही हे सूत्र आढळते. चीनमध्ये राजनैतिक सेवेत असलेले ब्रिटिश अधिकारी विल्किन्सन यांनी 1895 मध्ये पत्त्यांच्या चिनी उगमाविषयी लेख प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे साम्य अभ्यासकांच्या चर्चेत आहे. चिनी खेळातूनच पाश्चात्त्य रमी निर्माण झाली, की दोहोंचा विकास स्वतंत्रपणे झाला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पाश्चात्त्य परंपरेतील रमीचे सर्वांत जुने ज्ञात रूप म्हणून मात्र सामान्यतः मेक्सिको व अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात खेळल्या जाणाऱ्या कोंकियानकडे निर्देश केला जातो. स्पॅनिश भाषेतील 'कोणाबरोबर' या अर्थाच्या शब्दांवरून हे नाव आले, असे स्पष्टीकरण दिले जाते. तेही वादातीत नाही. आर. एफ. फॉस्टर यांच्या 1897 मध्ये प्रसिद्ध झालेल्या खेळविषयक ग्रंथात कोंकियानचे वर्णन आहे.

कोंकियान : उघडा डाव आणि सक्ती :

कोंकियान 40 पानांच्या स्पॅनिश गड्डीने खेळला जातो. या गड्डीत आठ, नऊ व दहा ही पाने नसल्याने सातनंतर थेट चित्रांची पाने येतात. प्रत्येकाला 10 पाने वाटल्यावर 20 पाने गड्डीत उरतात. एकाच दर्जाची तीन वा चार पाने, किंवा एकाच रंगाची किमान तीन क्रमवार पाने म्हणजे एक जुळणी होय. जिंकण्यासाठी 11 पाने जुळवून मांडावी लागतात. हातात 10 पाने असल्यामुळे अकरावे पान बाहेरूनच मिळवावे लागते.

आजच्या रमीहून हा खेळ दोन बाबतींत वेगळा आहे. एक, गड्डीतून उलटलेले पान हातात घेता येत नाही. ते हातातील पानांसह तत्काळ खाली मांडावे लागते, अन्यथा प्रतिस्पर्ध्यासाठी सोडावे लागते. दोन, खेळाडूने मांडलेल्या जुळणीला चिकटणारे पान समोर आले, तर प्रतिस्पर्धी त्याला ते घेण्यास भाग पाडू शकतो. पान घेतले की हातातील एक पान टाकणे आलेच. त्यामुळे नको असलेले पान गळ्यात मारून प्रतिस्पर्ध्याची हातातील जुळणी मोडणे, हा कोंकियानमधील प्रमुख डावपेच ठरतो. येथे टाकलेले पान हे शस्त्र आहे. डाव उघडा असल्याने प्रतिस्पर्ध्याची गरज डोळ्यांना दिसते; ती ओळखून योग्य वेळी पान सोडणे यात कौशल्य असते.

जिन रमी : झाकलेला डाव आणि अनुमान :

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रमीची अनेक रूपे रूढ झाली. त्यांपैकी दोघांसाठीची जिन रमी न्यूयॉर्कमधील निकरबॉकर व्हिस्ट क्लबशी संबंधित एलवुड बेकर यांनी 1909 मध्ये तयार केली, असे मानले जाते. त्यांचे पुत्र ग्रॅहम बेकर पुढे चित्रपटांचे पटकथालेखक झाले. 'रम' या मद्याशी असलेल्या नामसाधर्म्यावरून या नव्या खेळाला 'जिन' हे दुसऱ्या मद्याचे नाव मिळाले, असे सांगितले जाते. 1930 व 1940 च्या दशकांत हॉलिवूडच्या चित्रपटसृष्टीत हा खेळ विशेष लोकप्रिय झाला.

जिन रमीत 52 पानांच्या गड्डीतून प्रत्येकाला 10 पाने वाटली जातात. एक पान उघडे ठेवले जाते व 31 पाने गड्डीत राहतात. उघडे पान घेण्याचा पहिला अधिकार न वाटणाऱ्याचा, नंतर वाटणाऱ्याचा असतो. दोघांनीही ते नाकारल्यास न वाटणारा गड्डीतील पान उचलून खेळ सुरू करतो. पुढे प्रत्येक पाळीत गड्डीतील किंवा टाकलेल्यांपैकी वरचे पान उचलायचे व एक पान टाकायचे. जुळण्या अखेरपर्यंत हातातच राहतात. जुळणीत न बसणाऱ्या सुट्या पानांचे गुण मोजले जातात : एक्क्याचा 1, चित्रांच्या पानांचे प्रत्येकी 10 व इतरांचे दर्शनी मूल्याइतके. सुट्या पानांची बेरीज 10 किंवा त्याहून कमी झाली की खेळाडू 'ठोकून' डाव संपवू शकतो. प्रतिस्पर्धी मग आपल्या जुळण्या मांडून उरलेली पाने ठोकणाऱ्याच्या जुळण्यांना चिकटवू शकतो. त्यानंतर त्याच्याकडे शिल्लक राहणाऱ्या गुणांतून ठोकणाऱ्याचे गुण वजा करून येणारा फरक ठोकणाऱ्याला मिळतो. मात्र प्रतिस्पर्ध्याची शिल्लक ठोकणाऱ्याइतकी किंवा त्याहून कमी निघाली, तर फरक व बक्षीस गुण प्रतिस्पर्ध्याला जातात. एकही सुटे पान न ठेवता डाव संपवणे म्हणजे 'जिन'. त्यास 20 किंवा 25 जादा गुण असतात आणि त्यावर पाने चिकटवता येत नाहीत. सामान्यतः 100 गुण प्रथम करणारा विजयी होतो.

कोंकियानमधील सक्ती येथे नाही. तिची जागा अनुमानाने घेतली आहे. डावाच्या आरंभी खेळाडूला स्वतःची 10 व उघडे 1 अशी 11 पाने माहीत असतात, 41 अज्ञात असतात. त्यानंतर टाकलेले, उचललेले आणि न उचललेले प्रत्येक पान ही माहिती ठरते. प्रतिस्पर्ध्याने बदामाची अठ्ठी उचलली, तर उरलेल्या अठ्ठ्या आणि बदामाची सत्ती किंवा नव्वी टाकणे धोक्याचे होते. खेळाडू दोनच असल्याने ही माहिती एकाच व्यक्तीविषयी असते. तिचा अर्थ लावणे अधिक शक्य होते आणि चूक लपवणे अधिक कठीण.

साधे गणितही येथे उपयुक्त ठरते. तीन पानांच्या जुळण्यांचाच विचार केल्यास सत्तीसारखे मधले पान सहा प्रकारे जुळते : समान दर्जाच्या तीन आणि क्रमाच्या तीन. राजा चारच प्रकारे जुळतो, कारण त्याला क्रमाची एकच जुळणी उपलब्ध असते. शिवाय त्याचा बोजा 10 गुणांचा असतो. म्हणून सुटा राजा लवकर टाकणे शहाणपणाचे ठरते. परंतु हे प्रतिस्पर्ध्यालाही ठाऊक असते आणि तो टाकल्या जाणाऱ्या राजाची वाटच पाहत असतो. पाने कोणती यावीत हे नशीब ठरवते. टाकण्याचा निर्णय मात्र खेळाडूचाच असतो.

भारतीय न्यायालयासमोर रमी :

भारतात रूढ झालेली रमी 13 पानांची आहे. परंतु उचलणे व टाकणे हे मूळ सूत्र तिच्यातही कायम आहे. 1867 चा सार्वजनिक जुगार कायदा व मुंबई इलाख्यातील 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा या दोहोंनी निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. रमी या सवलतीस पात्र आहे काय, हा प्रश्न सिकंदराबाद येथील एका क्लबवर 1963 मध्ये पडलेल्या छाप्यातून सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात 1967 मध्ये निकाल देताना न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी रमीला तीन पत्तीसारख्या खेळांहून वेगळे मानले. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते पान राखायचे, कोणते टाकायचे यासाठी कौशल्य लागते. म्हणून रमी प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असा या निर्णयाचा आशय होता. क्लब वा घरमालक खेळातून नफा कमावत असल्यास गुन्हा घडू शकतो, ही शक्यताही न्यायालयाने नोंदवली होती. 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यतींविषयी निर्णय देतानाही न्यायालयाने याच विचाराचा आधार घेतला.

पुढे मोबाइलवरील पैशांच्या रमीमुळे प्रश्नाचे स्वरूप बदलले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने कौशल्य व नशीब हा भेदच बाजूला ठेवला आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीची तरतूद केली. 1967 चा प्रश्न 'पान कसे टाकले जाते' हा होता. 2025 चा प्रश्न 'पैसा कसा लावला जातो' हा आहे.

समारोप :

कोंकियानमध्ये टाकलेले पान प्रतिस्पर्ध्यावर लादता येते, जिन रमीत ते त्याला माहिती पुरवते आणि 1967 च्या निकालात तेच कौशल्याचा आधार ठरले. यावरून खेळातील कौशल्य हे नावात किंवा साधनात नसून नियमांनी निर्णयाला ठेवलेल्या जागेत असते, असे दिसते. खेळ कौशल्याचा आहे, एवढ्याने त्यावर पैसा लावणे निर्धोक ठरत नाही; आणि पैसा लावल्याने घराचा विध्वंस होतो, एवढ्याने त्या खेळातील बुद्धी खोटी ठरत नाही. हे दोन प्रश्न स्वतंत्र आहेत. त्यांची गल्लत टाळायची असेल, तर खेळाविषयी मत देण्यापूर्वी त्याचे नियम जाणून घेणे अगत्याचे आहे.