कुऱ्हाड, इळा आणि कलम 31

जंगलात जाताना सोबत कोणतं पातं घ्यावं, हा प्रश्न हौशी भटक्यांचा वाटतो. मेळघाटात मात्र तो कायद्याच्या इतिहासाचा आहे.

कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचा मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरचा ग्रंथ 1871 साली निघाला. गोंड-कोरकूंची दाह्याची शेती त्यात आली आहे : उतारावरची झाडं तोडायची, वाळली की जाळायची, राखेत बी टाकायचं. या शेतीत कुऱ्हाड हाच नांगर. जंगल सरकारचं झालं तसा दाह्या आटत गेला. कुऱ्हाड मात्र सरपणासाठी, कुंपणासाठी खांद्यावर राहिली.

बाजारात जाणकार गिऱ्हाईक चकाकी पाहत नाही. पात्याला पाणी कसं दिलंय, ते पाहतो. लोहार ट्रकच्या कमानीचा पाटा तापवून ठोकतो आणि पाण्यात फक्त धारेची बाजू बुडवतो. धार कडक होते, पाठ चिवट राहते. सगळंच पातं कडक झालं तर बांबूच्या पेरावर तुकडा उडतो. दांडा धावड्याचा असला तर हाताला झटका कमी बसतो. शहरी दुकानातल्या घडीच्या चाकूनं दोरी कापावी, फळ चिरावं; बांबूपुढे तो लटका पडतो.

आता कायदा. 1959च्या शस्त्र अधिनियमानं निव्वळ घरगुती वा शेतीकामाच्या वस्तू शस्त्रांतून वगळल्या. 1962च्या नियमांनी 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांची हत्यारं धरली, पण शेतीची अवजारं तिथंही सोडली. म्हणजे इळा निर्दोष. पण 1972चा वन्यजीव अधिनियम वेगळं बोलतो. त्याच्या व्याख्येत धनुष्यबाण, जाळी, फासे यांच्या रांगेत चाकूही आहे, आणि कलम 31 लेखी परवानगीशिवाय कोणतंही हत्यार अभयारण्यात नेऊ देत नाही. मेळघाटात व्याघ्रप्रकल्प आला 1974 साली.

शिकाऱ्यांचा उपद्रव पाहता हे कलम हवंच, असं माझं मत आहे. पण त्याचा भार सारखा पडत नाही. अकोल्याहून नरनाळा पाहायला गेलेल्यानं चाकू घरी ठेवला तर त्याचं काही अडत नाही. किल्ल्यावर कापायला असतं काय? धारणीकडच्या कोरकू बाईचा इळा मात्र शेतात अवजार असतो, आणि बांध ओलांडून अभयारण्याच्या हद्दीत पाय पडला की त्याच इळ्याबद्दल तिला जाब द्यावा लागू शकतो. तो बांध कुठं संपतो, हे पुष्कळदा नकाशावरच दिसतं.