अंतराळातील आसनाचा सौदा

पृथ्वीभोवती फिरत राहणाऱ्या आणि माणसांना महिनोन्‌महिने राहता येईल अशा प्रयोगशाळेला अंतराळस्थानक म्हणतात. अशा स्थानकात कोणी जायचे हे सुरुवातीच्या दोन दशकांत केवळ सरकारे ठरवीत असत. सोव्हिएत संघाने ‘इंटरकॉसमॉस’ या कार्यक्रमाखाली मित्रराष्ट्रांच्या वैमानिकांना आपल्या यानांत जागा दिली. पोलंडचे मिरोस्वाव हेर्माशेव्स्की १९७८ मध्ये, हंगेरीचे बेर्तालान फार्काश १९८० मध्ये अंतराळात गेले आणि भारताचे राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी ‘सोयूझ टी-११’मधून ‘साल्यूत-७’ स्थानकाकडे गेले, ते याच पाहुणचारामुळे. या पाहुणचाराची किंमत रुपयांत नव्हे, तर परराष्ट्र धोरणात मोजली जात होती. अमेरिकेकडूनही भारताला असेच निमंत्रण आले होते आणि ‘इन्सॅट’ उपग्रहासोबत स्पेस शटलने जाण्यासाठी १९८५ मध्ये पी. राधाकृष्णन व एन. सी. भट यांची निवडही झाली होती. परंतु २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे शटल कोसळले आणि तो बेत तिथेच बारगळला.

या व्यवहारात पैसा आला तो सोव्हिएत तिजोरीला परकीय चलनाची चणचण भासू लागल्यावर. डिसेंबर १९९० मध्ये जपानी वार्ताहर तोयोहिरो अकियामा आपल्या दूरचित्रवाणी कंपनीच्या खर्चाने ‘मीर’ स्थानकावर गेले. पुढे एप्रिल २००१ मध्ये अमेरिकी उद्योजक डेनिस टिटो सुमारे दोन कोटी डॉलर मोजून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर पोहोचले, तेही ‘नासा’च्या उघड नाराजीला न जुमानता. मात्र हे प्रवासी खासगी असले तरी यान, चालक आणि प्रक्षेपण सरकारीच होते. मोहीमच खासगी कंपनीने चालवायची, हा प्रकार पुढचा आहे. २०१९ मध्ये ‘नासा’ने स्थानकाची दारे अशा मोहिमांना उघडली आणि हवा, पाणी, अन्न, स्वच्छतागृह अशा सोयींपोटी माणशी रोज सुमारे ३५ हजार डॉलर असा दरच जाहीर केला. एका अर्थाने जगातील सर्वात महाग धर्मशाळेचा दरफलक लागला, असे म्हणण्यास हरकत नाही.

ह्यूस्टनच्या ‘ॲक्सिअम स्पेस’ने ८ एप्रिल २०२२ रोजी पहिली पूर्णतः खासगी मोहीम स्थानकाकडे पाठवली. ‘स्पेसएक्स’चे ‘फाल्कन ९’ रॉकेट व ‘क्रू ड्रॅगन’ यान भाड्याने घेणे, प्रवाशांना प्रशिक्षण देणे आणि ‘नासा’शी वेळापत्रक जुळवणे, ही या कंपनीची कामे होत. पहिल्या मोहिमेत पैसे भरणारे तीन धनिक होते. त्यांच्या प्रयोगांचे वेळापत्रक इतके ठासून भरलेले होते की स्थानकावरील नेहमीच्या अंतराळवीरांवरही त्याचा ताण पडला, आणि त्यानंतर अशा प्रत्येक मोहिमेचे नेतृत्व ‘नासा’च्या माजी अंतराळवीराकडेच असावे, असा नियम झाला. पुढच्या मोहिमांत गिऱ्हाईकच बदलत गेले आणि धनिकांच्या जागी मुख्यतः सौदी अरेबिया, तुर्कस्तान, इटली अशी सरकारे आली.

२५ जून २०२५ रोजी निघालेल्या ‘ॲक्सिअम-४’मध्ये कमांडर पेगी व्हिटसन यांच्यासोबत भारताचे शुभांशु शुक्ला, पोलंडचे स्वावोश उझनान्स्की-विश्निएव्स्की आणि हंगेरीचे तिबोर कापू होते, म्हणजे चार दशकांपूर्वी मॉस्कोचे पाहुणे झालेली तीच तीन राष्ट्रे आता पैसे मोजणारी ग्राहक होऊन गेली. पाहुण्याला यजमानाच्या यानाविषयी फारसे विचारता येत नाही, ग्राहकाला येते. रॉकेटमध्ये द्रवरूप प्राणवायूची गळती आढळल्यावर ‘इस्रो’च्या पथकाने दुरुस्ती व पुन्हा चाचणी यांचा आग्रह धरला आणि आधी ठरलेले उड्डाण लांबणीवर पडले. भारताने या मोहिमेसाठी पाचशे कोटींहून अधिक रुपये खर्चिल्याच्या बातम्यांवर टीका झाली. परंतु ‘गगनयान’ या भारताच्या स्वतःच्या मानवी अंतराळमोहिमेसाठी लागणारा अनुभव त्यातून मिळाला, आणि असे प्रश्न विचारण्याचा अधिकारही, हे विसरून चालणार नाही.

स्थानकावरील अठरा दिवसांत शुक्ला यांनी केलेल्या प्रयोगांपैकी एक नांदेड-लातूरच्या वाचकाला परका वाटणार नाही. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने व आयआयटीने दिलेले मूग आणि मेथीचे बी त्यांनी काचेच्या बशीत भिजवून अंकुरवले आणि मोड आल्यावर ते शीतकपाटात गोठवून ठेवले; वजनरहित अवस्थेत उगवण, पोषणमूल्य आणि सूक्ष्मजीव यांत काय फरक पडतो, हे त्यातून तपासायचे होते. बिलोलीपासून लातूरपर्यंतच्या पट्ट्यात मृगाच्या पावसावर पेरला जाणारा आणि दोन-सव्वादोन महिन्यांत हाती येणारा मूग हे शेतकऱ्याचे लवकरच्या पैशाचे पीक आहे, आणि त्याचे ‘बीएम ४’, ‘बीएम २००३-२’ यांसारखे वाण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राने विकसित केले आहेत. अंतराळातील जागा जर आता मागून आणि मोजून मिळत असेल, तर पुढच्या मोहिमेसाठी प्रयोगांचे प्रस्ताव मागवले जातील तेव्हा परभणीने आपल्या मुगाचा प्रस्ताव वेळेत पाठवावा.