परक्याची पत

परदेशीं राहावयास गेलेल्या मनुष्यास प्रथम कोणती अडचण येते, असा प्रश्न केला असतां बहुतेक वाचक भाषेचें, अन्नाचें किंवा थंडीचें नांव घेतील. या अडचणी खऱ्या आहेत. परंतु त्या हळूहळू अंगवळणी पडतात. याहून अवघड अडचण निराळीच आहे. स्वदेशीं मनुष्याची जी पत असते, ती त्याच्या सामानाबरोबर विमानांत चढत नाहीं. गांवचा वाणी आपणांस उधार देतो, तो आपल्या वडिलांस ओळखतो म्हणून. परमुलखांत आपल्या वडिलांस कोण ओळखणार? ही गोष्ट किती साध्या व्यवहारांत आड येते, हें पाहावयाचें असल्यास जपानांतील टेलिफोनचा, आणि विशेषतः मोबाइलचा, इतिहास पाहावा. टेलिफोन मागणाऱ्या परक्यापाशीं त्या देशानें निरनिराळ्या काळीं निरनिराळें तारण मागितलें. या तारणांच्या इतिहासांत परक्याविषयींच्या विश्वासाचाही इतिहास दडलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

पहिलें तारण रोख पैशाचें होतें. १९९० च्या सुमारास घरांत साधा टेलिफोन घ्यावयाचा, तर वर्गणीदाराच्या हक्कासाठीं ७२,००० येन आरंभींच भरावे लागत. २००५ सालीं ही रक्कम निम्म्यावर आली. दोनचार वर्षांसाठीं आलेल्या विद्यार्थ्यास ती जड जाई. म्हणून तो १९८२ पासून चालू झालेलें छापील कार्ड घेऊन रस्त्यावरील सार्वजनिक टेलिफोनपाशीं उभा राही. मोबाइलची गोष्ट याहून कठीण. यंत्र कंपनीकडून भाड्यानें मिळे आणि त्यासाठीं १,००,००० येन अनामत ठेवावी लागे. ऑक्टोबर १९९३ मध्यें डोकोमो कंपनीनें ही अनामत बंद केली, आणि एप्रिल १९९४ पासून यंत्र विकत घेण्याची मुभा झाली. पैशाचें तारण कठोर खरें. पण त्यांत एक गुण होता. पैसा आपला धनी कोणत्या देशाचा, हें सांगत बसत नाहीं.

पुढें आगाऊ पैसे भरून वापरावयाचे मोबाइल निघाले, आणि ते घेणाऱ्याची फारशी चौकशी होत नसे. भामट्यांनीं ही सोय ओळखली. वृद्ध आईबापांस टेलिफोन करून घाबऱ्या आवाजांत ‘मी बोलतोंय, मीच’ असें म्हणावयाचें, आपणच त्यांचा मुलगा असल्याचा बहाणा करावयाचा, आणि अपघाताची किंवा कर्जाची थाप देऊन बँकेंत पैसे भरावयास लावावयाचे, असा हा धंदा होता. जपानी भाषेंत ‘ओरे’ म्हणजे ‘मी’. म्हणून लोक यास ‘ओरे-ओरे’ ठकबाजी म्हणूं लागले. तिला आळा घालण्यासाठीं २००५ सालीं कायदा झाला, व एप्रिल २००६ पासून तो पूर्णपणें अमलांत आला. मोबाइल घेणाऱ्याचें नांव, पत्ता व जन्मतारीख कागदपत्रांवरून पडताळून पाहणें कंपन्यांस भाग झालें. कायद्याचा रोख परक्यांवर नव्हता, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. म्हाताऱ्यांची आयुष्यभराची पुंजी वांचविणें हाच त्याचा हेतु. परंतु कायद्याचें ओझें सर्वांच्या खांद्यांवर सारखें बसत नाहीं. ज्याचें घर, शाळा व बँक एकाच गांवीं, त्यास कागद दाखविणें ही पांच मिनिटांची गोष्ट. काल विमानांतून उतरलेल्यास तीच गोष्ट महिन्याची होते.

कशी, तें पाहा. १९५२ पासून परकीयांच्या नोंदणीचा जो कायदा होता तो जाऊन ९ जुलै २०१२ पासून वास्तव्याचें नवें कार्ड आलें. नारितासारख्या मोठ्या विमानतळावर तें उतरतांच हातीं पडतें. परंतु त्यावर पत्ता नसतो. घर मिळाल्यावर चौदा दिवसांचे आंत नगरकचेरींत जाऊन तो पाठीमागें लिहून घ्यावा लागतो. घर पाहावयास जावें, तर दलाल टेलिफोनचा क्रमांक विचारतो. क्रमांक घ्यावयास जावें, तर दुकानदार पत्ता व बँकेचें खातें विचारतो. बँकेंत जावें, तर तेथें पुन्हा क्रमांक हवा. शिवाय तेथें नोकरी नसेल तर सहा महिने वास्तव्य झालेलें हवें. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाहीं आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाहीं, ही आपली म्हण येथें अक्षरशः खरी ठरते. त्यांत नांवाची भर! आपलें, वडिलांचें व कुळाचें अशीं तीन नांवें पासपोर्टावर बाळगणाऱ्या मराठी मनुष्याचें नांव कार्डावर रोमन लिपींत, तर बँकेच्या पुस्तकांत कताकाना लिपींत. जपानी नांवांच्या मापानें आंखलेल्या चौकटींत तें मावत नाहीं, आणि दोन कागदांत एका अक्षराचा फरक पडला तरी अर्ज अडूं शकतो.

तिसरें तारण मुदतीचें. यंत्राची किंमत चोवीस हप्त्यांत फेडावयाची आणि करारही दोन वर्षांचा, असा प्रघात पडला. ज्याचा व्हिसा हप्त्यांच्या आधींच सरतो, त्यानें सारी किंमत एकरकमी मोजावी. ‘तुजपाशीं काय आहे?’ आणि ‘तूं कोण?’ हे दोन प्रश्न संपल्यावर तिसरा उभा राहिला: ‘तूं किती दिवसांचा?’

दरम्यान मोबाइल ही चैनीची वस्तु राहिली नव्हती. ज्या देशांत धरणी केव्हां हादरेल याचा नेम नाहीं, तेथें भूकंपाची पूर्वसूचनाही २००७ पासून मोबाइलवर येऊं लागली. पुढें काम करणाऱ्या हातांची उणीव भासूं लागली, तेव्हां सरकारचीही दृष्टि वळली. डिसेंबर २०१८ मध्यें परकीयांच्या स्वागतासाठीं १२६ उपायांची जी योजना ठरली, तींत बँक व टेलिफोन यांच्या सोयीचाही समावेश होता. एप्रिल २०१९ पासून विशिष्ट कौशल्याच्या कामगारांसाठीं नवा व्हिसा निघाला. त्यांतील पहिल्या वर्गाच्या कामगारास बँकेचें खातें उघडून देण्यास व मोबाइलचा करार करण्यास साहाय्य करणें हें मालकाचें कर्तव्य ठरलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत करार मध्येंच मोडण्याच्या दंडावर १,००० येनांची मर्यादा आली. आणि ऑक्टोबर २०२१ पासून यंत्र एकाच कंपनीस बांधून विकण्यास सामान्यतः मनाई झाली.

ही सुधारणा स्तुत्य आहे. तथापि तिचें स्वरूप नीट ओळखावें. पैसा, कागद व मुदत यांनंतर जामीन म्हणून पुन्हा मनुष्यच उभा राहिला, आणि तो मनुष्य म्हणजे मालक. ज्यास मालक आहे, त्याचें काम सुकर झालें. स्वखर्चानें शिकावयास आलेला विद्यार्थी, किंवा पतीमागून आलेली स्त्री, यांस हा हात मिळत नाहीं. शिवाय ज्याच्या शब्दावर आपणांस टेलिफोन मिळाला, त्याच्याविरुद्ध तक्रार करण्यासाठीं तोच टेलिफोन उचलणें भिडस्त मनुष्यास कठीण जातें. म्हणून परक्याची पत कोणाच्या मेहेरबानीवर नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या कार्डावर उभी राहावी, हेंच इष्ट. ज्या सरकारनें त्यास देशांत घेतलें, त्यानें त्याची ओळख एकदां पटवून घेतलेलीच असते. पुण्यामुंबईस शिकावयास येणारे परकी विद्यार्थीही पासपोर्ट व व्हिसा पुढें केल्यावांचून सिमकार्ड मिळवूं शकत नाहींत. तेव्हां हा प्रश्न एकट्या जपानचा नाहीं. अनोळखी मनुष्यास ठकापासून वेगळा ओळखण्याची कला अद्याप कोणत्याच राष्ट्रास पुरती साधलेली नाहीं. ती साधेपर्यंत संशयाची किंमत प्रामाणिक मनुष्यच भरीत राहणार, एवढें तरी आपण विसरूं नये.