चाळीची चूल



लालबागच्या ज्या चाळींत माझें बालपण गेलें, तेथें स्वयंपाकाची वेळ घड्याळाच्या आधीं डोळ्यांना कळे. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ सालींच लागले होते. शंभर वर्षांनंतरही आमच्या खोलींत आई फुंकणी घेऊन ओल्या लाकडांशीं झगडत असे. धूर म्हणजे अर्धवट जळलेलें सरपण. वखारीवर मोजलेल्या पैशांतला कांहीं भाग असा तिच्या डोळ्यांत आणि छातींत जाई.

चूल सुधारण्याची खटपट आपल्या देशांत जुनी आहे. वर्ध्याच्या मगनवाडींत ‘मगन चूल’ निघाली: एकाच जाळावर दोनतीन भांडीं, आणि धूर बाहेर नेणारें धुराडें. हैदराबादचे एस. पी. राजू यांनीं धूरविरहित स्वयंपाकघरांविषयीं १९५३ सालीं पुस्तिका लिहिली. योजना उत्तम, परंतु ज्याचें छप्पर स्वतःचें, त्याच्यासाठीं. नायगांव, डिलाइल रोड येथें १९२० नंतर बी. डी. डी. चाळी उठल्या, त्यांत एका बिऱ्हाडाला सुमारें १६० चौरस फुटांची खोली, आणि तळमजल्यावर तीन मजले. ज्याच्या डोक्यावर दुसऱ्याचा संसार, त्यानें धुराडें न्यावें कोठून?

आमच्या चाळीनें भुशाची शेगडी जवळ केली. पत्र्याच्या डब्याला तळाशीं बाजूस एक भोंक. त्यांतून एक दांडका आडवा सारावयाचा, मध्यें बाटली उभी धरून भोंवतीं लाकडाचा भुसा ठासावयाचा, आणि मग दोन्हीं हलकेच काढून घ्यावयाचीं. खालून पेटवितांच हवा त्या पोकळींतून वर ओढली जाई आणि भुसा आंतून बाहेर सावकाश जळे. डाळभात होई, फुंकणी लागत नसे. मात्र ठासणें कसबाचें. सैल राहिला तर भुसा ढासळे आणि खोली धुरानें भरे. मीं एकदां तसें केलें. वडिलांचा तो आवाज अजून कानांत आहे.

१९५५ सालीं बर्मा-शेलनें मुंबईंत सिलिंडरचा गॅस आणला, तरी गिरणगांवच्या खोल्यांत तो यावयास पुष्कळ वर्षें लागलीं. खानावळवाल्या बायका तर आपल्याच खोलींत कामगारांचीं जेवणें रांधीत. त्यांच्या धुराचा हिशेब कोण ठेवणार? १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापून त्यांना बँकेचें कर्ज मिळवून दिलें.

आमच्याकडे गॅस आला तेव्हां मी शिक्षक झालों होतों. आईनें शेगडी भंगारवाल्यास दिली. खोकला मात्र शेवटपर्यंत राहिला.