रुमालाखालचे भाडे

सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील कडोदरा या गावास इतिहासग्रंथांत फारसे स्थान लाभलेले नाही. भूगोलाने मात्र ती उणीव भरून काढली आहे. मुंबईहून अहमदाबादमार्गे दिल्लीस जाणारा राजमार्ग आणि सुरतेहून बारडोली, नवापूर, धुळे असा नागपूरकडे जाणारा राजमार्ग यांची येथे गाठ पडते. कापडाच्या धंद्याने या साऱ्या टापूत खानदेशातील असंख्य मराठी कुटुंबे आणून वसविली. त्यांनी गावी जावयाचे ते आखाजीस, दिवाळीस, लग्नसराईत. म्हणजे सारे जग निघते त्याच वेळी. सणाच्या तोंडावर बसचे भाडे चढावयाचे, ही रीत जुनीच आहे. परंतु एकाच दिवशी, एकाच गाडीत, शेजारीशेजारी बसलेल्या दोन उतारूंनी दोन निरनिराळे दाम मोजलेले असावेत, ही रीत नवी. तिचा जन्म रस्त्यावर झालेला नाही. ती आकाशातून खाली उतरली आहे. विमानकंपन्यांच्या कचेऱ्यांत जो हिशेब प्रथम मांडला गेला, तोच आज चौरस्त्यावरील उतारूच्या खिशापर्यंत येऊन पोहोचला आहे.

प्रवासाचे भाडे सर्वांस सारखे असावे, ही कल्पना आगगाडीने रुजविली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली आणि त्यानंतर मैल व वर्ग यांवर भाडे ठरण्याची शिस्त लोकांच्या अंगवळणी पडली. १८९० च्या रेल्वे कायद्याने तर प्रत्येक स्थानकावर वेळापत्रक व भाड्याचा तक्ता लोकांच्या नजरेस पडेल असा लावणे बंधनकारक केले. कडोदऱ्यालगतच्या चलथाण स्थानकावरून खानदेशाकडे जाणाऱ्या तापी खोऱ्याच्या गाडीतही हाच नियम चाले. तिसऱ्या वर्गातील गर्दी व हालअपेष्टा सर्वश्रुत आहेत; तक्त्यावरील आकडा प्रत्येक गरिबास परवडत असे, असेही नव्हे. परंतु तो आकडा आधी ठाऊक असे. घरातून निघण्यापूर्वी पैशांची जुळवाजुळव करता येत असे. भाडेतक्ता हा त्या अर्थाने भिंतीवर लिहिलेला एक जाहीर शब्दच होता.

विमानानेही प्रथम हाच मार्ग धरला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले. पुढे १ ऑगस्ट १९५३ पासून आठ खासगी कंपन्यांची देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्स या राष्ट्रीय महामंडळाकडे आली व भाडी सरकारी संमतीने ठरू लागली. परदेशच्या प्रवासाची भाडी १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या परिषदांत सर्व कंपन्यांनी मिळून ठरवावयाची असत. भाड्यात स्पर्धा निषिद्ध. म्हणून ती ताटात शिरली. १९५८ साली स्वस्त वर्गातील उतारूंस स्कँडिनेव्हियन कंपनी फार उंची सँडविच देते, अशी तक्रार पॅन अमेरिकन कंपनीने केली आणि हा तंटा संघटनेपुढे गंभीरपणे चालला! भाडे निश्चित होते खरे. पण ते इतके जड होते की विमान हे बड्यांचेच वाहन राहिले, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

ही घडी अमेरिकेत विसकटली. १९७७ साली अमेरिकन एअरलाइन्सने काही आसने फार कमी दरात, मात्र पुष्कळ आधी खरेदी करण्याच्या अटीवर विकावयास काढली. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नियंत्रणे उठविणाऱ्या कायद्यावर सही केली आणि भाडे ठरविण्याची मोकळीक कंपन्यांस मिळाली. त्यांचे तर्कशास्त्र सरळ होते. विमान एकदा उडाले की त्यातील रिकामे आसन पुन्हा विकता येत नाही. तेव्हा ते अगदी रिकामे जाण्यापेक्षा कमी दराने गेलेले बरे. परंतु सारीच आसने स्वस्त दिली, तर ऐनवेळी वाटेल ती किंमत देणारा गरजू उतारू हातचा जावयाचा. म्हणून काही आसने त्याच्यासाठी राखून ठेवावयाची. किती राखावयाची, हे मागील वर्षांच्या नोंदी पाहून संगणक सांगू लागला.

आपल्याकडील मंडईशी तुलना केली म्हणजे या व्यवहाराचे मर्म ध्यानी येते. भाजीवालीचा मालही नाशवंतच. पण ती सायंकाळी भाव उतरविते. विमानकंपनी मात्र शेवटच्या घटकेस भाव चढविते. कारण मंडईत उशिरा येणारा काटकसरी असतो, तर विमानाकडे उशिरा धावणारा बहुधा अडलेला असतो. कोणाच्या घरी मृत्यू झालेला असतो, कोणाची मुलाखत असते. गरज जितकी मोठी, तितका दाम मोठा, असे हे गणित आहे.

नित्य प्रवास करणाऱ्यास बांधून ठेवण्यासाठी आणखी एक युक्ती निघाली. मे १९८१ मध्ये याच अमेरिकन कंपनीने प्रवासाचे मैल उतारूच्या खाती जमा करून त्यांवर फुकट तिकीट देण्याची योजना काढली व ती जगभर पसरली. मैल हे जणू खासगी नाणेच झाले. परंतु हे नाणे पाडणारा आणि त्याचे मोल ठरविणारा एकच असतो. किती मैलांस एक तिकीट, हे कंपनी हवे तेव्हा बदलू शकते. १ जानेवारी २०१५ पासून डेल्टा कंपनीने किती अंतर कापले याऐवजी किती पैसे खर्चिले यावर मैल देण्यास आरंभ केला. भारतात किंगफिशरची विमाने २०१२ साली आणि जेटची १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. ज्यांनी त्या विमानांत बसण्यासाठी वर्षानुवर्षे मैल साठविले, त्यांच्या निष्ठेला विमानच उरले नाही.

भारतात १९९४ साली १९५३ चा कायदा रद्द झाला. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने स्वस्त प्रवासाचे युग आणले; एक रुपयाच्या तिकिटाचीही जाहिरात झाली. ज्यांनी विमान केवळ मान वर करून पाहिले होते अशी सामान्य माणसे त्यात बसली, हे या नव्या पद्धतीचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. पण त्याच पद्धतीने ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी व दुरांतो या गाड्यांतही प्रवेश केला. दर दहा टक्के आसने विकली गेली की मूळ भाडे दहा टक्क्यांनी वाढावयाचे, ते दीडपटीपर्यंत! ज्या आगगाडीने तक्त्याची शिस्त लावली, तिनेच ती सैल केली. बसवाल्यांनी मग संकोच का करावा? अखेर २०१८ साली महाराष्ट्र शासनास असे ठरवावे लागले की, खासगी बसचे भाडे एस.टी.च्या भाड्याहून पन्नास टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये.

सतराव्या शतकात सुरतेच्या वाटेने हिंदुस्थानात आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने येथील हिऱ्याच्या सौद्याचे वर्णन करून ठेवले आहे. विकणारा व घेणारा समोरासमोर बसत आणि वस्त्राखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. भोवतालच्या माणसांस काही कळत नसे. आजचे भाडे असेच रुमालाखाली ठरते. भेद एवढाच की, त्या रुमालाखाली दोन हात होते आणि दोघांसही भाव कळत असे. आज एकच हात रुमालाखाली आहे आणि दुसरा केवळ पैसे मोजण्यासाठी बाहेर आहे.

हा रुमाल दूर करता येत नाही, असे मात्र नव्हे. महामारीच्या काळी २५ मे २०२० पासून ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत सरकारने देशांतर्गत विमानभाड्यास मर्यादा घातल्या होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द होऊन भाडी गगनास भिडली, तेव्हा पुन्हा कमाल दर जाहीर झाले: पाचशे किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, हजारपर्यंत १२,०००, पंधराशेपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपये. संकट कोसळल्यावर जी मर्यादा एका दिवसात आखता येते, ती संकटापूर्वी आखून भिंतीवर लावण्यास कोणती अडचण असावी?

सर्वांस एकच भाडे हा काळ परत येणार नाही, आणि त्याने स्वस्त तिकीटही नाहीसे होईल. परंतु उतारूस खालचा आकडा कळावा तसाच वरचाही कळावा, आणि तो वरचा आकडा माणसाच्या अडचणीवरून ठरू नये, एवढी अपेक्षा गैर नव्हे. खानदेशातील गावाकडे निघालेला कडोदऱ्याचा कामगार आणि परदेशी निघालेला सुरतेचा व्यापारी यांची वाहने निराळी असली, तरी दोघांचे मागणे एकच आहे: दाम घ्या, पण तो आधी सांगा.